वर्षाचा प्लॅन, अकरा महिन्यांचं घर

ताई, नमस्कार. जूनच्या एक तारखेला आम्ही पुण्यात नऱ्ह्याला भाड्याच्या टू-बीएचकेमध्ये राहायला आलो. सातवा मजला, करार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा. महिनाभर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढला, आता वायफाय घ्यायचंच आहे. ह्यांना आठवड्यातून तीन दिवस घरून काम असतं, मुलगा दहावीत आहे, त्याला क्लासचे व्हिडिओ लागतात, आणि सासूबाईंना संध्याकाळी टीव्हीवर यूट्यूबचं कीर्तन. चार ठिकाणचे भाव काढलेत. एका मोठ्या कंपनीचं ४० एमबीपीएस, महिना ४९९. दुसऱ्या मोठ्या कंपनीचं १०० एमबीपीएस, ७९९, सोबत ओटीटी. आमच्या भागातल्या केबलवाल्यांचं १०० एमबीपीएस, वर्षाचे एकरकमी ६,५०० आणि राउटरचे १,५०० वेगळे. चौथं ते बिनवायरचं एअरफायबर, ५९९. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर सात जणांनी नऊ सल्ले दिले. हे म्हणतात २०० एमबीपीएसचं घेऊ, मला केबलवाल्यांचं स्वस्त वाटतंय. काय करू?
– नाव छापू नये, सिंहगड रस्ता, पुणे

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती भावांमध्ये नाही, ‘करार अकरा महिन्यांचा’ ह्या तीन शब्दांत आहे. ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. घर एप्रिलअखेरपर्यंतचं आणि प्लॅन पुढच्या जुलैपर्यंतचा, म्हणजे वर्षाचे पैसे भरून वापरायला मिळणार जेमतेम दहा महिने. मालक करार वाढवतीलही, पण ते तुम्हाला एप्रिलमध्ये कळणार आणि पैसे आत्ता जाणार.

आधी कागद-पेन्सिल घेऊन बसू. जाहिरातीतल्या भावात बहुतेक वेळा जीएसटी धरलेला नसतो आणि ब्रॉडबँडवर तो १८ टक्के आहे. म्हणजे ४९९ चे बिलावर ५८९ होतात, ५९९ चे ७०७ आणि ७९९ चे ९४३. केबलवाल्यांचे ६,५०० कर धरून आहेत की वगळून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक तुम्हालाही कुणी सांगितलेलं नसणार. वगळून असतील तर ७,६७० झाले. त्यात राउटरचे १,५०० मिळवा, ९,१७० झाले. आता ह्याला बाराने नाही, दहाने भागा. महिन्याला ९१७! म्हणजे यादीतलं तुमचं सगळ्यात स्वस्त ओटीटीवाल्या सगळ्यात महागाच्या शेजारी जाऊन बसलं. राउटर पुढच्या घरी नेऊ असं मनात असेल तर ते आधी विचारून घ्या. फायबरचा डबा बहुधा त्याच कंपनीच्या लाईनवर चालतो, दुसरीकडे नुसता शोभेला ठेवावा लागतो.

ह्याचा अर्थ केबलवाले वाईट असा मुळीच नाही. उलट मला त्यांच्याबद्दल बरंच चांगलं म्हणायचंय, ते पुढे येईलच. फक्त त्यांच्याकडे सहा महिन्यांचा किंवा तीन महिन्यांचा भाव मागा. तो असतो. कार्डावर छापलेला नसतो, इतकंच.

आता मिस्टरांचे २०० एमबीपीएस. त्यांना सांगा, रागावू नका, पण आकडा पाहून गाडी घेतल्यासारखं होतंय. घरात एकाच वेळी सगळं चालू आहे असं धरू. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस लागतात. मुलाचा व्हिडिओ अगदी फुल एचडीत असला तरी साधारण ५. सासूबाईंचा टीव्ही फोर-के असेल आणि कीर्तनही त्याच दर्जाचं रेकॉर्ड केलेलं असेल (मला शंका आहे) तर १५ ते २०. तुमच्या हातातला मोबाईल २-३. बेरीज तीसच्या आसपास येते. म्हणजे चाळीसमध्ये घर चालतं, शंभरात ऐसपैस चालतं आणि दोनशे कुठे गेले ते कळतही नाही.

दोनशेचा हट्ट बऱ्याचदा एका गैरसमजातून येतो. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि फाईल आपण मोजतो मेगाबाईटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाईट. तेव्हा शंभर एमबीपीएसवर सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात, शंभर नव्हे. दोन जीबीची फाईल शंभरवर पावणेतीन मिनिटांत येईल आणि चाळीसवर पावणेसात मिनिटांत. हा चार मिनिटांचा फरक मिस्टरांच्या कामात दिवसातून वीसदा पडत असेल तर शंभर घ्या. आठवड्यातून एकदा पडत असेल तर तेवढ्या वेळात चहाचं आधण होतं. मात्र त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: ऑफिसला मोठ्या फाईली पाठवाव्या लागतात का? कारण मग अपलोड किती, हे बघावं लागेल. फायबरच्या पुष्कळ प्लॅनमध्ये अपलोड-डाऊनलोड सारखं असतं. बिनवायरच्यात अपलोड बराच कमी मिळतो, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख शोधावा लागतो.

‘अमर्याद’ ह्या शब्दालाही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या फायबरवर ती महिन्याला ३,३०० जीबी अशी सापडते, त्यानंतर वेग उतरतो. एवढी तुम्हाला पुरून उरेल. एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबी धरले तर सासूबाईंनी चोवीस तास अखंड कीर्तन लावलं तरी दिवसाचे ७२ होतात, आणि वाट्याला ११० येतात. एअरफायबरला ही मर्यादा साधारण १,००० जीबीची असते. तीही तुम्हाला पुरेल, पण ‘दोन्हीकडे अनलिमिटेडच आहे मॅडम’ असं कुणी म्हणालं तर दोन्ही अनलिमिटेड सारखी नाहीत हे ठाऊक असू द्या.

ओटीटीचं थोडक्यात सांगते. ४९९ आणि ७९९ मध्ये करासकट ३५४ चा फरक आहे, दहा महिन्यांचे साडेतीन हजार. त्या यादीतलं तुम्ही एरवीही पैसे देऊन घेतलं असतं असं काय आहे, तेवढंच मोजा. आणि ते टीव्हीवर चालतं की नुसतं मोबाईलवर, हे विचारा.

आता मुद्द्याचं. तुम्ही भाव चार ठिकाणचे आणलेत, पण आपल्या मजल्यावरच्या डक्टचं दार उघडून पाहिलंत का? लिफ्टशेजारी पाण्याचे पाईप जातात तिथलं ते पत्र्याचं दार. वॉचमनकडे त्याची किल्ली असते. आत बॅटरी मारा. वायरींचा शेवयांसारखा गुंता दिसेल, आणि त्या गुंत्यात भिंतीवर ठोकलेले दोन-तीन छोटे डबे. त्यांच्यावर कंपनीचा स्टिकर असतो, कधी मार्करने फ्लॅटचे नंबर लिहिलेले असतात. ज्याचा डबा तुमच्या मजल्यावर आहे, त्याचं कनेक्शन दुपारी सांगितलं तर संध्याकाळी होतं. ज्याचा डबा शेजारच्या इमारतीत आहे, त्याचा माणूस ‘फिजिबिलिटी चेक करतो’ म्हणून जातो आणि आठ दिवस फोन उचलत नाही. मोठ्या कंपनीच्या वेबसाईटवर पिनकोड टाकला की ‘तुमच्या भागात सेवा उपलब्ध’ असं येतं. भागात असेल हो, आपल्या डक्टमध्ये आहे का?

डबा बघताना आणखी एक गोष्ट बघा: तुमच्या घरात येणार ती वायर कसली? खरं फायबर म्हणजे बारीक, चपटी किंवा गोल वायर, टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा. काही ठिकाणी मात्र फायबर गच्चीपर्यंत येतं, तिथे एक स्विच (नेट घरोघरी वाटून देणारा डबा) बसवलेला असतो आणि तिथून खाली घरोघरी जाड लॅन केबल सोडलेली असते. तिच्या टोकाला जुन्या लँडलाईनच्या वायरीला असायची तशी पारदर्शक क्लिप, जरा रुंद. दोन्हीला विकणारा फायबरच म्हणतो.

फरक काय पडतो? पुण्यात दोन वेळा पडतो. एक वळवाच्या पावसात. लॅन केबल तांब्याची. गच्चीवरून लोंबकळत आलेल्या अशा वायरीतून वीज घरात येते. आमच्या मागच्या घरी मे महिन्यातल्या पहिल्याच गडगडाटात राउटर गेला, आणि त्याला वायरीने जोडलेला लेकाचा कॉम्प्युटरही. फायबर काचेचं, त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. आणि दुसऱ्यांदा फरक पडतो गुरुवारी. आपल्याकडे महावितरणची दुरुस्ती गुरुवारची, हे तुम्हाला जूनमध्येच कळलं असेल. गच्चीवरचा स्विच विजेवर चालतो. तो बंद पडला की तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. इमारतीतला फायबरचा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरच्या अनेक वाटा करणारा डबा, मात्र बिनविजेचा असतो, आत नुसती काच. त्यामुळे खरं फायबर घरापर्यंत असेल तर राउटरला बारा व्होल्टचा एक छोटा यूपीएस लावला की वीज गेली तरी कॉल चालू राहतो. हजार-दीड हजारात तो मिळतो. घरून काम करणाऱ्याला ह्या पैशांचा जो उपयोग आहे, तो चाळीसवरून दोनशेवर जाण्यात नाही.

डक्टपेक्षाही महत्त्वाचा तो पोरगा, शिडी आणि पाठीवर सॅक घेऊन येणारा. कंपनी केवढीही मोठी असो, शेवटच्या शंभर मीटरचं काम बऱ्याच ठिकाणी स्थानिक ठेकेदाराकडे असतं. रस्ता खोदला, झाडाची फांदी पडली, उंदराने वायर कुरतडली, की येणार तोच. तो चार तासांत येतो की चार दिवसांत, ह्यावर तुमचं पुढचं वर्ष ठरतं.

हे मी अनुभवाने सांगतेय. काही वर्षांपूर्वी मीही एकरकमी वर्षाचं भरलं होतं, ‘दोन महिने फुकट’ला भुलून. चौथ्या महिन्यात कंपनीने आमच्या भागातला ठेकेदार बदलला. जुन्या पोराने फोन घेणं सोडलं, नव्याला आमची लाईन कुठून येते ते माहीत नव्हतं. एकोणीस दिवस राउटरवर लाल दिवा. कस्टमर केअरची मुलगी रोज गोड आवाजात ‘चोवीस तासांत’ म्हणायची. महिन्याच्या प्लॅनवर असते तर तिसऱ्या दिवशी दुसरीकडे गेले असते. पैसे अडकलेले, म्हणून बसून राहिले. ब्रॉडबँडला मोबाईलसारखी पोर्टेबिलिटी नाही. सोडायचं म्हणजे नवी वायर, नवा राउटर, नवा माणूस.

तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर ‘कोणतं चांगलं?’ असं विचारू नका. त्याला नऊच काय, नव्वद उत्तरं येतील, कारण प्रत्येकाला आपण घेतलेलं बरोबर ठरवायचं असतं. असं विचारा: ‘गेल्या पावसाळ्यात तुमचं नेट सलग किती वेळ बंद होतं आणि कोण येऊन दुरुस्त करून गेलं?’ ह्याला तीन-चारच उत्तरं येतील, पण खरी येतील. आणि वॉचमनला विचारा. कोणत्या कंपनीचा पोरगा सारखा येतो, कोणाचा बोलावूनही येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. सारखा येणारा वाईट असेलच असं नाही. कधी त्याची गिऱ्हाइकंच जास्त असतात.

इथेच केबलवाल्यांची बाजू येते. त्यांचं ऑफिस पुढच्या गल्लीत, मालकाचा नंबर सगळ्यांकडे, आणि गणपतीत वर्गणीला गाठ पडतेच. लाईन त्यांनी स्वतः टाकलेली असते, त्यामुळे कुठे जोड आहे ते त्यांना झोपेतही सांगता येतं. लाजेकाजेस्तव का होईना, माणूस येतो. दुसरीकडे, रात्री नऊनंतर त्यांचा वेग बसतो अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी असते, कारण एवढ्या घरांना पुरेल इतकी बँडविड्थ, म्हणजे नेटची क्षमता, त्यांनी वरच्या मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेली नसते. ह्यावर सोपा उपाय आहे. तुमच्या खालच्या-वरच्या मजल्यावर त्यांचं गिऱ्हाईक असेल, त्यांच्याकडे रविवारी रात्री साडेनऊला पाच मिनिटं जा आणि मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून बघा. राउटरजवळ उभं राहून. साखर मागायला जातो तसं जायचं, त्यात काही नाही.

एअरफायबर मी तुमच्या यादीतून काढून टाकते. वाईट म्हणून नाही. २०२३ च्या सप्टेंबरात जिओने ते ज्या आठ शहरांत सुरू केलं त्यात पुणं होतं, आणि जिथे फायबर पोचलेलंच नाही अशा बंगल्यांना, नव्या वस्त्यांना ते सोयीचं आहे. इमारतीपर्यंत वायर ओढायची नाही, घर बदलताना डबा उचलून नेता येतो (नव्या ठिकाणी सिग्नल असेल तर). पण ते मोबाईलच्या टॉवरवर चालतं, आणि टॉवर तुमच्यात आणि आसपासच्या सगळ्या मोबाईलवाल्यांत वाटलेला. इमारतीत फायबर असताना आठवड्यातून तीन दिवस ऑफिस चालवायचं घर त्यावर ठेवू नये, असं माझं मत. डक्ट उघडल्यावर आत कुणाचाच डबा निघाला नाही, तर मात्र पुन्हा यादीत घ्या.

मग मी तुमच्या जागी असते तर? डक्टमध्ये केबलवाल्यांचं खरं फायबर निघालं आणि रविवार रात्रीची परीक्षा पास झाली, तर त्यांच्याकडून शंभरचा सहा महिन्यांचा प्लॅन घेतला असता, राउटर विकत न घेता परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर मागितला असता, आणि पुढचे चार महिने महिन्या-महिन्याने भरले असते. गच्चीवरून लॅन केबल येणार असेल, तर त्या पहिल्या कंपनीचं ४० एमबीपीएस. मिस्टरांना तीन महिने वापरून बघू द्या. कमी पडलं तर वरच्या प्लॅनवर जायला फोन पुरतो. खालच्यावर यायलाच कटकट असते.

जोडणीच्या दिवशी घरी थांबा, मुलावर सोडू नका. येणारा पोरगा दारातून आत आला की पहिली दिसेल ती जागा पकडतो, चपलांच्या कपाटावर नाहीतर टीव्हीच्या मागे, कारण त्याची वायर तिथे संपते. आणि मग मागच्या बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून आपण दोनशेचा प्लॅन घेतो! राउटर घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर हवा. लोखंडी कपाट, फ्रीज आणि मोठा आरसा ह्यांच्या आड नको. त्यासाठी दहा-बारा मीटर वायर जास्त लागते, ती त्याच्या सॅकमध्ये असते. आधी प्रेमाने मागा, चहा विचारा. भाड्याचं घर आहे, तेव्हा भिंतीला भोक पाडण्याआधी मालकांना फोन करा. एसीच्या पाईपचं किंवा जुन्या टीव्ही केबलचं भोक असेल तर त्यातूनच वायर येते. ती कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, आत काच आहे.

राउटर ‘ड्युअल बँड’ आहे का, हेही विचारा. म्हणजे वायफायच्या यादीत तुमच्या घरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी बहुधा ५जी लिहिलेलं असतं. मोबाईलच्या फाईव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. ते नेटवर्क वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतं. साधं नाव लांब पोचतं, पण शेजारपाजारच्या वीस राउटरांच्या गर्दीत तीस-चाळीसच्या वर सहसा जात नाही. एकाच बँडचा जुना राउटर गळ्यात मारला तर शंभरचे पैसे भरून चाळीसच वापराल.

राउटरवर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेरून प्रकाश येत नाहीये. बंद-चालू करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पोराशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं बोलणं कंपनीच्या लेखी तक्रार नसते. माझ्या एकोणीस दिवसांपैकी पहिल्या सहांचा हिशेब ह्याच कारणाने लागला नाही. क्रमांक असूनही काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने ती सोय ठेवावीच लागते आणि तिला पैसे पडत नाहीत. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. बंद दिवसांची भरपाई आपणहून कुणी देत नाही, ‘तेवढे दिवस वाढवून द्या’ असं आपणच म्हणायचं.

घर सोडताना राउटर आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर परत करून पोच घ्या. नेणारा पोरगा ‘ऑफिसला जमा करतो’ म्हणेल. त्याला दारातच थांबवून त्याच्या हातातल्या डब्याचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापून घेतात.

आणि सासूबाईंचा टीव्ही पॅसेजच्या भिंतीलगत असेल तर राउटरपासून तिथपर्यंत लॅनची वायर टाकून घ्या, पाच मीटरची दोनशे-अडीचशेला मिळते. मिस्टरांचा कॉल, मुलाचा क्लास, काहीही चालू असलं तरी संध्याकाळचं कीर्तन मध्येच गोल गोल फिरत थांबणार नाही.